परसात साप, घोरपड, कासव: कुणाला हलवायचं, कुणाला वाट द्यायची

परसात किंवा गोठ्यामागे दिसलेला साप बहुतेक वेळा तिथून नुसता चाललेला असतो. उंदीर, बेडूक किंवा सरड्याच्या मागावर आलेली धामण थोड्याच वेळात कुंपणाबाहेर निघून जाते. पण तिला पाहून आरडाओरडा झाला, काठ्या घेऊन दहा जण जमले, तिची बाहेर पडायची वाट अडली, की ती लाकडांच्या ढिगात शिरते आणि मग रात्रभर कुणाला झोप नाही. म्हणून महाराष्ट्रातल्या घर-अंगणात सरपटणारे प्राणी दिसले तर काय करायचं हे सांगताना आधी न पकडता काय करता येतं ते सांगायला हवं. पकडणं त्यानंतर येतं, आणि साप असेल तर ते काम तुमच्या हातून व्हायचं नाही.

हलवण्याला आमचा विरोध नाही, घाईने हलवण्याला आहे. प्रत्येक सापाचा एक इलाखा असतो. त्यातली बिळं, पाणी, ऊन खायच्या जागा आणि लपायच्या सांदी त्याला ठाऊक असतात. ‘चांगल्या जंगलात’ म्हणून लांब नेऊन सोडलेला साप तिथे सैरभैर फिरतो, रस्ते ओलांडतो, शिकारी पक्ष्यांच्या आणि मुंगसाच्या नजरेस पडतो. शरीरात ट्रान्समीटर बसवून सापांचा माग काढणाऱ्या अभ्यासांमध्ये, लांब हलवलेले साप जास्त भटकतात आणि जास्त मरतात असं वारंवार दिसलं आहे. इकडे परसातले उंदीर आहेत तिथेच राहतात आणि त्यांच्या मागे दुसरा साप येतो.

पहिली पाच मिनिटं

आहात तिथे थांबा आणि सावकाश मागे या. साप साधारण स्वतःच्या लांबीच्या एक तृतीयांश ते निम्म्या अंतरापर्यंत झडप घालू शकतो; म्हणजे दीड मीटरच्या नागापासून पाऊण मीटरच्या आत धोका आहे. तुम्ही ३ मीटर, म्हणजे १० फूट लांब राहिलात तर कोणताही साप तुम्हाला तिथून चावू शकत नाही. साप माणसाचा पाठलाग करत नाही. तुमच्या दिशेने आलाच तर तुमच्या मागे त्याची लपायची जागा आहे असं समजा आणि बाजूला व्हा.

मुलांना घरात पाठवा, कुत्र्याला बांधा किंवा आत घ्या. कुत्रा भुंकत सापाला कोपऱ्यात दाबतो आणि बहुतेक वेळा तोंडावर किंवा पुढच्या पायावर दंश घेतो. मांजरही आत घ्या.

मग एका माणसाला एकच काम द्या: सापावरून नजर हलवायची नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि नेमकं हेच राहून जातं. सगळे जण फोन करायला, काठी शोधायला, शेजाऱ्यांना हाक मारायला धावतात आणि परत येऊन पाहतात तर साप दिसत नाही. तो कुठे गेला हे माहीत नसेल तर तो पकडणाऱ्यालाही सापडत नाही. लक्ष ठेवणाऱ्याच्या पायात बंद बूट असावेत, अंधार असेल तर हातात बॅटरी असावी. त्याने झूम करून दोन-तीन फोटो काढावेत: एक पूर्ण शरीराचा, एक डोक्या-मानेचा, एक शेपटीकडचा. फोटोसाठी एक पाऊलही पुढे जायचं नाही.

दगड मारणं, उकळतं पाणी ओतणं, धूर करणं, फिनेल किंवा रॉकेल शिंपडणं यातलं काहीही करू नका. रॉकेल आणि फिनेलने सापाची कातडी भाजते आणि तो जास्त खोल सांदीत शिरतो. जखमी साप कसा वागेल याचा अंदाज सर्पमित्रालाही बांधता येत नाही, त्यामुळे दगड मारणारा माणूस नंतर येणाऱ्याचाही जीव धोक्यात घालतो.

आता वाट मोकळी करा. साप उघड्यावरून न जाता भिंतीच्या, कुंपणाच्या कडेने सरकतो आणि सावलीकडे, अंधाराकडे जातो. त्या बाजूची माणसं हटवा, फाटक उघडा आणि अर्धा तास शांत राहा. साप मोकळ्या जागेत आहे, त्याच्यापुढे बाहेर जायची सरळ वाट आहे आणि तरीही तो हलत नाही, अशा वेळी ४-५ मीटरवरून नळीने त्याच्या मागच्या बाजूच्या जमिनीवर हलकं पाणी सोडता येतं. पाण्याची जोरदार धार अंगावर मारू नका. फणा काढलेल्या किंवा वेटोळं घालून फुत्कारणाऱ्या सापावर पाणीही टाकू नका. तो आधीच घाबरलेला आहे, त्याला फक्त अंतर द्या.

साप घरात शिरला असेल तर त्या खोलीतून घराच्या आतल्या भागाकडे जाणारी दारं बंद करा, दाराखालच्या फटीत टॉवेल घट्ट कोंबा, बाहेरचं दार उघडं ठेवा. कपाट, फ्रिज, पलंग अजिबात हलवू नका. त्याखाली साप असेल तर तो तिथेच असणं तुमच्या सोयीचं आहे.

कधी बोलवायचं

साप घरात, न्हाणीघरात किंवा गोठ्यात असेल, परसातल्या लाकडांत, विटांत, पायरीखाली लपून बसला असेल, जाळीत, पाइपात, टाकीत अडकला असेल, जखमी असेल, किंवा रोज माणसांच्या पायाखालच्या बिळात राहत असेल, तर जाणकाराला बोलवा. महाराष्ट्र वनविभागाचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे. स्थानिक सर्पमित्राचा क्रमांक साप दिसल्यावर शोधण्यापेक्षा आजच फोनमध्ये साठवून ठेवा. फोनवर चार गोष्टी सांगा: साप नेमका कुठे आहे, केव्हापासून, अंदाजे किती लांब, आणि तो अजून नजरेसमोर आहे का. फोटो पाठवा.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार साप, घोरपड किंवा कासव मारणं, पकडून ठेवणं, पाळणं, विकणं गुन्हा आहे. अजगर आणि घोरपड त्यातल्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या अनुसूचीत आहेत. म्हणूनही हलवण्याचं काम वनविभागाला कळवून झालेलं बरं.

ओळख कशासाठी

ओळख पटली तर फोनवर नीट माहिती देता येते आणि दंश झाल्यास डॉक्टरांना मदत होते. ‘बिनविषारी आहे, हाताने उचलतो’ हे ठरवण्यासाठी ओळखीचा उपयोग करू नका. आपल्याकडच्या धोकादायक चुका याच निर्णयात झालेल्या आहेत, आणि त्यातल्या दोन जोड्या सगळ्यांना माहीत असायला हव्यात.

पहिली जोडी घोणस आणि अजगराचं पिल्लू. घोणस जाडजूड, तपकिरी, चपट्या त्रिकोणी डोक्याची. तिच्या पाठीवर काळ्या कडेच्या लांबट गोल ठिपक्यांच्या तीन समांतर ओळी मानेपासून शेपटीपर्यंत साखळीसारख्या जातात. अजगराच्या अंगावरचे चट्टे ओबडधोबड असतात, एकसारखे दोन सापडत नाहीत. घोणस कुकरच्या शिट्टीसारखा मोठा, लांब फुत्कार टाकते आणि बराच वेळ जागची हलत नाही, म्हणून ‘सुस्त अजगर आहे’ असं वाटतं. तिची झडप मात्र अतिशय वेगवान असते. घोणस अंडी घालत नाही, एकाच वेळी वीस-चाळीस जिवंत पिल्लं देते आणि पिल्लं जन्मापासून विषारी असतात. उन्हाळ्याच्या अखेरीस आणि पावसाच्या तोंडावर परसात वीतभर ‘अजगराची पिल्लं’ दिसली तर ती घोणशीची आहेत असंच धरून चाला.

दुसरी जोडी मण्यार आणि कवड्या. मण्यार चकचकीत काळा-निळसर, त्यावर बारीक पांढरे पट्टे, बऱ्याचदा जोडीने. मानेजवळ पट्टे नसतात किंवा पुसट असतात, शेपटीकडे स्पष्ट होत जातात. कवड्या तपकिरी असतो आणि त्याचे पट्टे बरोबर उलट: मानेजवळ ठळक, शेपटीकडे विरत गेलेले. कवड्या पालींच्या मागावर भिंतीवर सफाईने चढतो. मण्यार रात्री फिरतो, आणि त्याचा दंश जवळपास न दुखणारा असतो. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात आणि साप चावल्याचं कळतही नाही. मण्यार असलेल्या भागात खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचून झोपणं हा खरा उपाय आहे.

नाग फणा काढल्यावर ओळखू येतो, पण प्रत्येक वेळी तो फणा काढतोच असं नाही. फणा मिटलेला नाग आणि धामण यांच्यात नवख्याची गल्लत होते. धामण लांब, सडपातळ, डोळे मोठे, दिवसा फिरणारी आणि चपळ; तिच्या ओठांवर काळ्या उभ्या रेषा असतात. तिच्या शेपटीला काटा नसतो आणि ती गाईचं दूध पीत नाही. सापाच्या तोंडाची रचना दूध ओढण्याची नाहीच. फुरसं लहान, बहुधा फूट-दीड फुटाचं असतं. डोक्यावर बाणासारखी किंवा अधिकचिन्हासारखी खूण, आणि वेटोळ्याचे खवले एकमेकांवर घासून खरखर आवाज. त्याच्या आकारावर जाऊ नका. कोकणात दगडी बांध आणि कातळाच्या आसपास ते भरपूर आहे. सह्याद्रीच्या दाट झाडीलगतच्या बागांत विषारी हिरवा चापडा झुडपांवर असतो, तो हिरव्या गवत्या सापासारखा वाटू शकतो.

नानेटी, तस्कर, दिवड, रुकई, कुकरी, वाळा हे परसातले बिनविषारी शेजारी. वाळा गांडुळासारखा दिसतो आणि मोरीत निघतो; त्याला कागदावर घेऊन ओल्या मातीत सोडायचं, एवढंच. मांडूळ दिसलं तर त्याची जागा आणि फोटो कुठेही टाकू नका. ‘दुतोंडी’ म्हणून त्याची तस्करी चालते, आणि हौसेने पाठवलेला एक फोटो त्याला पकडून नेणाऱ्यापर्यंत पोहोचू शकतो.

चांगला सर्पमित्र कसा काम करतो

हे माहीत असलं की आलेला माणूस योग्य आहे का ते कळतं, आणि नसेल तर थांबवता येतं. तो आधी गर्दी मागे घेतो. त्याच्याकडे हुक, टोकाला कापडी पिशवी बांधलेला प्लास्टिकचा पाइप, झाकणाची बरणी किंवा डबा आणि बॅटरी असते. चिमट्याचा वापर तो कमीत कमी करतो, कारण चिमट्याच्या दाबाने सापाच्या बरगड्या मोडतात आणि ते बाहेरून दिसतही नाही. मान दाबून धरणं ही तर सापासाठी आणि माणसासाठी सगळ्यात धोक्याची रीत. घोणस मान धरलेली असतानाही लांब दात वळवून बोटात घुसवू शकते.

पाइपाची रीत सापाच्या स्वभावावर चालते. पाइपाचं तोंड सापापुढे भिंतीलगत ठेवायचं, हुकने त्याला त्या बाजूला हलकं वळवायचं. अंधारं भोक दिसलं की तो आपणहून आत जातो आणि पलीकडच्या पिशवीत उतरतो. पिशवी पिळून, दुमडून, गाठ मारून ती छिद्रं असलेल्या कडक डब्यात ठेवायची. कापडातूनही साप चावू शकतो, म्हणून नुसती पिशवी हातात, मांडीवर किंवा गाडीच्या हँडलला लटकवायची नसते. डबा उन्हात किंवा बंद गाडीत राहिला तर साप थोड्या वेळातच उष्म्याने मरतो, कारण त्याला शरीराचं तापमान आतून कमी करता येत नाही.

आलेल्या माणसाने साप गळ्यात घातला, फणा काढायला लावला, मुलांना हात लावायला दिला, पकडताना व्हिडिओ काढायला सांगितलं, तर त्याला तिथेच थांबवा. हे खेळ दंशाची शक्यता वाढवतात आणि सापाचे हाल करतात. साप पकडल्यावर नोंद होते का, कुठे आणि कधी सोडणार, हे विचारा. नीट काम करणारा माणूस वनविभागाला नोंद देतो आणि साप त्याच दिवशी, त्याच परिसरातल्या वस्तीबाहेरच्या योग्य जागी सोडतो: दिवड पाणथळीजवळ, धामण बांधाशी, मण्यार दिवस मावळल्यावर. दहा साप साठवून एकदम एका ठिकाणी सोडणं चूक आहे. बरण्यांत एकत्र ठेवलेले साप एकमेकांना इजा करतात, रोग पसरवतात, आणि सोडलेल्या जागी तेवढं भक्ष्यही नसतं.

जाळीत आणि टाकीत अडकलेले

बागेवर पक्ष्यांसाठी अंथरलेली नायलॉनची बारीक जाळी सापांना फार घातक ठरते. साप पुढे रेटत राहतो, खवले मागच्या दिशेने असल्याने त्याला मागे येता येत नाही, आणि धागा कातडीत रुतत जातो. उन्हात असेल तर काही तासांत तो मरतो. इथे तुमचं काम सावली करण्याचं आहे. लांब काठीच्या टोकाने ओलं गोणपाट सरकवून त्याच्या अंगावर छाया धरा, आणि सापापासून किमान दीड मीटर लांब जाळी कापून तिचा ताण सोडा. अंगाला वेढलेले धागे कापायचे ते सर्पमित्राने, डोकं पाइपात सुरक्षित ठेवून. मग उरलेली जाळी काढून टाका किंवा जमिनीपासून फूटभर वर ताणून बांधा. ढिली, जमिनीवर लोळणारी जाळीच साप अडकवते.

कोरड्या विहिरीत, पाण्याच्या हौदात किंवा टाकीत पडलेल्या प्राण्यांना बाहेर यायला आधार हवा असतो. एका रुंद फळीला गोणपाट किंवा जुनी सतरंजी घट्ट गुंडाळून खिळे मारा, ती तिरकी टाका, खालचं टोक तळाशी आणि वरचं काठाबाहेर येऊ द्या. गुळगुळीत फळीवरून साप घसरतो, म्हणून कापड लागतंच. तिथून निघून जा आणि सकाळी पाहा. साप, सरडे, बेडूक, खारी सगळे त्यावरून वर येतात. उघड्या हौदात अशी फळी कायमचीच ठेवणं उत्तम. विहिरीत स्वतः उतरू नका. साप नसला तरी तळाशी प्राणवायू कमी असू शकतो.

उंदरांसाठी ठेवलेल्या गोंदाच्या पुठ्ठ्यांवर पाली, सापसुरळ्या आणि लहान साप चिकटतात. पाल किंवा सापसुरळी असेल तर चिकटलेल्या भागाच्या कडेने खाद्यतेल थेंब-थेंब सोडा, दहा मिनिटं थांबा, मऊ ब्रशने गोंद सैल करत पाय एकेक सोडवा. ओढू नका, कातडी निघते. शेवटी कोमट पाण्याने तेल पुसा. पेट्रोल, थिनर, रॉकेल चालत नाही, ते कातडीतून शरीरात जातं. चिकटलेला साप असेल तर लांब राहा, त्याच्यावर नजर ठेवा आणि फोन करा. हे पुठ्ठे वापरूच नका अशी आमची कळकळीची विनंती आहे; उंदराचा पिंजरा तेच काम करतो.

घोरपड

घोरपड पाहून लोक सापापेक्षा जास्त घाबरतात, आणि मग तिला मारतात. ती अंगावर धावून येत नाही. दीड मीटरपर्यंत वाढलेली घोरपडही माणूस दिसताच झाडावर किंवा बिळात पळते. कोंडली गेली तर मात्र शेपटीचा फटका मारते, नखं खोल लागतात, आणि चावली तर सहजी सोडत नाही. म्हणून कोंडू नका. ती न्हाणीघरात किंवा पडवीत शिरली असेल तर बाहेरचं दार उघडा, आतली दारं बंद करा आणि तासभर घरातल्यांना तिथून लांब ठेवा. हौदात पडली असेल तर वर सांगितलेली फळी. शेपूट धरून ओढणं, दोरीचा फास टाकणं यात तिचा कणा दुखावतो. चावली तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी डॉक्टरांकडे जा.

ती कोंबड्यांची अंडी आणि पिल्लं खाते, ही तक्रार खरी आहे. उपाय खुराड्यात आहे: अर्ध्या इंचाची लोखंडी जाळी, तिचा खालचा भाग फूटभर जमिनीत पुरलेला. घोरपड दिवसाच फिरते, म्हणून अंडी सकाळीच गोळा करा.

कासव

कासवाच्या बाबतीत लोक प्रेमाने चूक करतात. दिसलेलं प्रत्येक कासव पाण्यात सोडायचं नसतं. जमिनीवरच्या कासवाचे पाय खांबासारखे जाड, बोटं न सुटलेली आणि पाठ उंच घुमटाची असते; ते पोहू शकत नाही, विहिरीत सोडलं तर बुडून मरतं. पाण्यातल्या कासवाची पाठ चपटी, बोटांमध्ये पडदा. पावसाळ्यात मऊ पाठीची कासवं एका डबक्यातून दुसऱ्याकडे किंवा अंडी घालायला चालत निघतात आणि परसातून, रस्त्यावरून जातात. ते ज्या दिशेला चाललं होतं त्याच दिशेला, कुंपणाबाहेर किंवा रस्त्यापलीकडे ठेवा. उलट्या दिशेला ठेवलं तर ते पुन्हा तोच रस्ता ओलांडायला निघतं.

उचलताना दोन्ही हातांनी पाठीच्या मागच्या अर्ध्या भागाच्या कडा धरा, जमिनीपासून वीतभरच वर ठेवा, पालथं करू नका आणि शेपटीने तर कधीच उचलू नका. मऊ पाठीचं मोठं कासव मान लांब मागे वळवून जोरात चावतं; ते रुंद घमेल्यात किंवा फावड्यावर सरकवून न्या. नंतर हात साबणाने धुवा, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात. पाठ फुटलेली असेल तर जखमेवर स्वच्छ ओलं कापड ठेवून, पाणी न भरलेल्या खोक्यात घालून वनविभागाला कळवा.

पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेलं स्टार कासव परसात दिसलं तर ते बहुधा कुणाच्या घरून सुटलेलं असतं. ते पाळणं गुन्हा आहे, वनविभागाकडे द्या. डोळ्यामागे लाल पट्टा असलेलं छोटं कासव परदेशी आहे, दुकानातून घरात आलेलं. ते तळ्यात सोडलं तर आपल्या कासवांची जागा आणि अन्न घेतं. म्हणून ते तळ्यात सोडू नका.

सरडे, सापसुरळ्या आणि अंडी

सरडा, पाल, सापसुरळी यांपैकी एकही आपल्याकडे विषारी नाही. घरात आलेल्या पालीवर रुंद तोंडाची पारदर्शक बरणी हळू ठेवा, खालून जाड पुठ्ठा सरकवा आणि बाहेर भिंतीलगत सोडा. हाताने धरलं की शेपूट तुटते. ती पुन्हा उगवते, पण त्यात तिने साठवलेली चरबी गेलेली असते.

खणताना अंडी सापडली तर खणणं तिथेच थांबवा. सापाची अंडी लांबट, पांढरी, चामड्यासारखी मऊ असतात, बऱ्याचदा एकमेकांना चिकटलेली; सरड्याची लहान आणि मोकळ्या मातीत उथळ पुरलेली. नागीण अंड्यांजवळ थांबते, म्हणून आधी आजूबाजूला ३ मीटरवरून नीट पाहा. मादी नसेल तर तीच माती तेवढ्याच जाडीने परत टाका आणि जागेवर खूण करा. सापाची अंडी उबायला साधारण दोन महिने लागतात.

बांधकामामुळे हलवणं भागच असेल तर एक नियम मोडायचा नाही: अंडं फिरवायचं नाही. घातल्यानंतर थोड्याच वेळात आतला गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडं उलटलं तर तो गुदमरतो. काढण्याआधी प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूवर मऊ पेन्सिलीने ठिपका द्या, चिकटलेली अंडी सोडवू नका, खालच्या मातीसकट उचलून दमट मातीच्या डब्यात ठिपका वर ठेवून ठेवा आणि वनविभागाला कळवा.

दंश झाला तर

धावपळ नको, पण एक मिनिटही वाया घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी रुग्णालयात निघा. माणसाला आडवं करा, चालायला लावू नका. दंश झालेला हात किंवा पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, मोडलेलं हाड स्थिर करतात तसा. अंगठ्या, बांगड्या, पैंजण, घड्याळ लगेच काढा, सूज आल्यावर ते रुततात. आवळपट्टी बांधू नका: घोणस आणि फुरशाच्या विषाने तिथलं मांस आधीच सडू लागलेलं असतं, रक्तपुरवठा तोडला तर हात-पाय गमवावा लागतो. चिरा देणं, तोंडाने ओढणं, बर्फ, झाडपाला, मंत्र यांत फक्त वेळ जातो.

विषावर औषध एकच, अँटिव्हेनम. आपल्याकडचं अँटिव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही विषांवर चालतं, म्हणून साप ओळखला नाही तरी उपचार थांबत नाही. चापड्याच्या विषावर ते चालत नाही. तिथे डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात. साप पकडून किंवा मारून रुग्णालयात नेऊ नका. त्यात दुसरा माणूस चावला जातो, आणि तोडलेलं डोकंही बराच वेळ चावू शकतं. लांबून काढलेला फोटो पुरे. दोन दातांच्या खुणा दिसल्या नाहीत, दुखत नाही, म्हणून घरी थांबू नका. चोवीस तास रुग्णालयातच राहा.

आवारात काय बदलायचं

साप दूर ठेवण्यासाठी विकत मिळणाऱ्या पावडरी, गंधक, डांबरगोळ्या, कार्बोलिक आम्ल यांवर पैसे घालवू नका. साप त्यावरून सरकत जातात. मुलं, मांजरं आणि बेडूक मात्र आजारी पडतात. साप येतो तो उंदरांसाठी आणि लपायला, म्हणून हात तिथे घाला. धान्य आणि पशुखाद्य पत्र्याच्या झाकणबंद पिंपात ठेवा, सांडलेलं रोज झाडा. जळण, कौलं, विटा भिंतीला टेकवून न रचता भिंतीपासून दोन फूट सोडून, जमिनीपासून दीड फूट उंच मांडणीवर ठेवा, म्हणजे खाली उजेड पडतो आणि कुणी लपत नाही. मोरीच्या, पावसाच्या पाण्याच्या पाइपांच्या तोंडाला ६ मिलिमीटर भोकांची स्टीलची जाळी बसवा. दाराखालची फट रबरी पट्टीने बंद करा. करंगळी जाईल एवढ्या फटीतून कवड्या सहज आत येतो. खिडकीला, छपराला टेकलेल्या फांद्या मीटरभर मागे छाटा. घराभोवतीचं गवत आखूड ठेवा, पण परसाच्या टोकाला, येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब, थोडा पालापाचोळा आणि दगडांचा ढीग राहू द्या. सरडे, बेडूक आणि नानेटीला तिथे जागा मिळते, आणि घराच्या भिंतीशी त्यांचं काम उरत नाही.

जळण उचलताना हात घालण्याआधी काठीने ढीग हलवा आणि लाकूड आपल्या बाजूने न ओढता वरून उचला. बाहेर ठेवलेले बूट घालण्याआधी उलटे करून झटका. मोरीची जाळी दर पावसाळ्याआधी काढून साफ करा. पाचोळ्याने तुंबली की कुणीतरी ती काढून बाजूला ठेवतं आणि परत बसवायची राहून जाते.